आधी विहिरीत वाकून बघ

"मामा, भूजल कुठे मिळेल त्या नकाशाचे आठही थर तयार झाले, आता प्रत्येकाला वजन देते," असं तू परवा फोनवर म्हणालीस तेव्हाच अडवायला हवं होतं मी तुला. वजनं शेवटी. आधी तुझ्या तालुक्यातल्या वीस-पंचवीस विहिरींत एप्रिल-मेमध्ये वाकून ये. वर मुरूम किती, खाली मांजऱ्या लागतो की थेट काळा पाषाण, मध्ये गेरूचा तांबडा पट्टा आहे का, पाझर कुठल्या सांध्यातून येतो. झरा किती परसांवर लागला, ते मालकाला विचार. महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टचा. अखंड पाषाणात पाणी जवळजवळ नसतंच. ते भेगांत, सांध्यांत, झिजलेल्या थरात असतं, आणि उपग्रहाला यातलं फक्त वरचं अंग दिसतं. त्यामुळे तुझा नकाशा विहिरीबद्दल बोलेल. सहाशे फुटी बोअरबद्दल त्याला बोलायला लावू नकोस.

उपग्रहचित्रावरची प्रत्येक सरळ रेघ भेग नसते. मी एकदा एक झकास लांब रेघ काढली, तिच्या आजूबाजूला भरघोस गुण दिले, आणि जागेवर जाऊन बघतो तर कालव्याचा भराव! तेव्हापासून रस्ते, कालवे, बांध यांचा थर वर ठेवून जुळणाऱ्या रेघा मी आधी पुसतो. उंचसखलपणाच्या चित्रावर उजेडही एकाच दिशेने पाडू नये; ज्या दिशेने पाडशील त्या दिशेच्या भेगा लपतात. धुळे-नंदुरबारकडे डाइक, म्हणजे भेगेत घुसून थिजलेला लाव्हा, भिंतीसारखे उभे आहेत. चित्रात तीही रेघच. पण सलग डाइक पाणी अडवतो, तडकलेला वाहून नेतो. एकाच रेघेच्या चढाकडे विहीर भरलेली आणि उताराकडे खडखडाट, हे मी पाहिलंय.

आता वजनं. त्यासाठी दोन-दोन थरांची तुलना करायची थॉमस साटींची ती 1 ते 9 ची पट्टी. आठ थर म्हणजे 28 जोड्या. सुसंगती गुणोत्तर 0.10 च्या आत आलं की पोरं पेढे वाटायला निघतात. अगं, खडक उताराच्या तिप्पट आणि उतार मातीच्या दुप्पट म्हटलंस तर खडक मातीच्या सहापटीच्या आसपास हवा, एवढंच ते तपासतं. सगळीकडे एकाच पद्धतीने चुकलीस तरी ते खूश! गुणोत्तर बाहेर गेलं तर आकडे ओढूनताणून बसवू नकोस, कुठली जोडी भांडतेय ते बघ. बहुतेक वेळा तिथेच आपली समज कच्ची असते.

पाऊस तालुकाभर सारखाच असेल तर त्याला जड वजन देऊन काय मिळणार? मावळ-भोरसारखा घाटाला टेकलेला तालुका असेल तर गोष्ट वेगळी. उतार आणि ओढ्यांची घनता दोन्ही तू उंचीच्या त्याच आकड्यांतून काढतेस, तेव्हा दोघांना भरघोस देणं म्हणजे एकाच साक्षीदाराला दोनदा बोलावणं. अकोला-अमरावतीकडे पूर्णेच्या खोऱ्यात गाळाची सपाट जमीन. नकाशा 'अति उत्तम' म्हणून हिरवागार होतो, आणि पाणी तोंडात घ्यावं तर खारट. खारपाणपट्टा त्या आठ थरांत कुठेच नसतो.

पडताळणीला सगळे चालू विहिरी घेतात. त्या तर पाणी लागलं म्हणूनच चालू आहेत. नकाशा पास होणारच. धुरळा निघालेले बोअर शोध. त्यांची नोंद सहसा कुठे नसते, पैसे बुडालेला माणूस आपणहून सांगतही नाही. टपरीवर चहा घेत बस आणि शेवटची बोअरची गाडी कोणाच्या रानात आली होती एवढंच विचार. पाणाड्यालाही हसू नकोस. त्याचा नारळ उभा राहिला की नाही याच्याशी आपल्याला घेणं नाही, पण त्याने दाखवलेल्या कुठल्या जागा कोरड्या गेल्या हे गाडीवाल्याला तोंडपाठ असतं.

विहिरीतलं पाणी किती खोल आहे ते मोजायची माझी जुनी टेप माळ्यावर आहे, टोकाला शिशाचं वजन बांधलेली. पाण्याला टेकली की हाताला कळतं. रविवारी आलीस की घेऊन जा.