पाइप ऑर्गन ऐकताना दाद कशाला द्यायची?

प्रश्न : संगीत नाटकांतला ऑर्गन ऐकत मोठा झालो. निवृत्तीनंतर यूट्यूबवर युरोपातल्या चर्चमधला पाइप ऑर्गन ऐकायची गोडी लागली. बाखच्या एकाच टोकाटाची असंख्य वादनं तिथे आहेत, आणि आमच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर रोज त्यातलं एखादं येऊन पडतं. मग हा भारी की तो भारी, यावर खडाजंगी होते. पण ऑर्गनची पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच येतो म्हणतात. असं असेल तर वादकाचं कसब कशात असतं? आणि जे कानावर पडतं त्यात वादकाचं किती, वाद्याचं किती आणि माइकचं किती, हे ओळखायचं कसं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही ऐकलंत ते बरोबर आहे. पट्टी दाबली की नळीखालची झडप उघडते, ठरलेल्या दाबाची हवा नळीत शिरते आणि नळी बोलू लागते. पट्टी सोडली की झडप मिटते. नाटकातल्या ऑर्गनवर पायांच्या भात्याचा जोर कमी-जास्त करून स्वर फुलवता येतो, पेटीवर हाताच्या भात्यानं तेच करता येतं. इथे ती सोय नाही. पियानोसारखा स्वर आपोआप विरतही नाही. पट्टी दाबलेली आहे तोवर तो त्याच ताकदीनं चालू राहतो. जर्मनीत हाल्बरश्टाटच्या एका जुन्या चर्चमध्ये जॉन केजची एक रचना २००१ पासून वाजते आहे आणि २६४० साली संपायची आहे. तिथे एकेक स्वरमेळ महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतो. ५ फेब्रुवारी २०२४ ला तो बदलला, तेव्हा ऐकायला लांबून माणसं आली होती. दुसऱ्या कुठल्या जुन्या वाद्यावर ही कल्पना सुचलीही नसती.

तेव्हा जोर हातात नाही. मग वादकाच्या हातात उरतं काय? स्वर कधी सुरू करायचा आणि कधी सोडायचा. चांगला ऑर्गनवादक ओळखायची पहिली खूण मी दुसऱ्या गोष्टीत शोधतो, स्वर सोडण्यात. दोन स्वरांमध्ये केसाएवढी फट ठेवली की पुढचा स्वर उठून दिसतो, कानाला तो जोरकस वाटतो. खरं तर आवाज तेवढाच असतो. फट मिटवून स्वर एकमेकांना चिकटवले की ओळ लांबट, गाती होते. या फटींचं माप ओळीगणिक, बोटागणिक बदलत ठेवणं म्हणजे ऑर्गनचं वादन. तबल्यावर वजन हातानं येतं, इथे ते वेळेनं आणावं लागतं.

तुमच्या गटावरचा टोकाटा बहुधा डी मायनरचाच असणार, सिनेमावाल्यांनी भुतांच्या प्रसंगांना वाजवून वाजवून जगभर पोचवलेला. त्याच्या पहिल्या पंधरा सेकंदांतच बरीच परीक्षा होऊन जाते. सुरुवातीला वरच्या पंचमावर एक छोटी मुरकी येते आणि वाद्य थांबतं. मग स्वर झरझर खाली उतरतात आणि पुन्हा थांबतात. या थांब्यांत वादक काय करतो ते ऐका. मोठ्या चर्चमध्ये स्वर सोडल्यावरही पाच-सहा सेकंद घुमत राहतो. तो घुमारा पुरता विरायच्या आत पुढची ओळ अंगावर घातली की सगळा गिचका होतो. फार वेळ थांबलं की धागा तुटतो. नेदरलँड्स बाख सोसायटीनं बाखच्या सगळ्या रचना चित्रित करून फुकट खुल्या करण्याचं मोठं काम हाती घेतलं आहे. त्यांच्या मालिकेत हा टोकाटा लिओ फान डूसेलार यांनी ग्रोनिंगेनच्या मार्टिनी चर्चमधल्या ऑर्गनवर वाजवला आहे. त्या वाद्यावर १६९२ मध्ये आर्प श्निटगर या त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या कारागिराचा हात फिरला होता. हे वादन आणि तुमच्या गटावरचं सगळ्यात ‘तुफानी’ वादन लागोपाठ ऐका, आणि दोन्ही वेळा फक्त थांबे ऐका. जास्त काही सांगायची गरज उरणार नाही.

वेगाला दाद द्यायची आपल्याला सवय आहे. दुव्याखाली लोक सर्वांत आधी ‘काय बोटं आहेत!’ असंच लिहितात. यावर विडोर यांचं उदाहरण मला नेहमी द्यावंसं वाटतं. शार्ल-मारी विडोर १८७० पासून १९३३ अखेरपर्यंत पॅरिसच्या सँ-सुल्पिस चर्चचे ऑर्गनवादक होते. त्यांच्या पाचव्या सिंफनीचा शेवटचा टोकाटा लग्नसमारंभात हमखास वाजतो, तोही तुम्हाला यूट्यूबवर भेटला असेल. १९३२ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्यांनी तो आपल्याच चर्चमध्ये स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केला. ध्वनिमुद्रण जुनं, खरखरतं आहे, पण कान लावून ऐकण्याजोगं आहे. आजचे तरुण वादक ज्या भरधाव वेगानं तो टोकाटा काढतात, त्याच्या कितीतरी संथ लयीत म्हातारबुवा वाजवतात. वयामुळे हात चालत नव्हते असं म्हणावं, तर छापील पान आडवं येतं: पहिल्या आवृत्तीत त्यांनी मिनिटाला ११८ मात्रांची लय दिली होती, ती पुढे स्वतःच १०० वर आणली. त्या लयीत उजव्या हातातला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो आणि खाली पायांनी वाजणारी मुख्य धून डोंगरासारखी उभी राहते. वेग वाढला की वरचे स्वर घुमाऱ्यात कालवले जातात आणि नुसता चमचमाट उरतो. रचनाकारानं घालून दिलेली लय मोडू नये असं काही मी म्हणत नाही. पण मोडणाऱ्यानं त्या वास्तूच्या घुमाऱ्याकडे लक्ष दिलं होतं का, हे विचारायलाच हवं.

दुसरी परीक्षा स्टॉपची. ऑर्गनमध्ये नळ्यांच्या रांगा असतात, एकेका रांगेचा आवाज वेगळा. कुठली बासरीसारखी, कुठली तुतारीसारखी, कुठली तंतुवाद्याच्या अंगानं जाणारी. कुठली रांग कधी चालू करायची हे स्टॉप ओढून ठरतं. बाखच्या काळच्या पानांवर बहुधा याबद्दल काही लिहिलेलं नसतं, निवड वादकाची. सँ-सुल्पिसचा ऑर्गन १८६२ मध्ये आरिस्तीद काव्हाये-कॉल यांनी पूर्ण केला. त्याला हातांच्या पट्ट्यांचे पाच मजले आहेत आणि स्टॉपच्या मुठी वादकाभोवती अर्धवर्तुळात पायऱ्या-पायऱ्यांनी मांडल्या आहेत. तिथली चित्रफीत बघाल तेव्हा वादकाच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले मदतनीस जरूर बघा. पान उलटतात, आणि ऐन सेकंदाला पाच-सहा मुठी ओढतात किंवा आत ढकलतात. तिथे एक मात्रा चुकली की ओळीचा रंग चुकतो. अशा वादनाची दाद त्या मदतनिसांनाही पोचली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. त्यांचं नाव मात्र चित्रफितीखाली क्वचितच असतं.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळे स्टॉप उघडून वाजवणारे वादक आंतरजालावर भरपूर आहेत. पहिल्या मिनिटाला अंगावर काटा येतो, पाचव्या मिनिटाला कान थकतात.

आता वाद्य आणि माइक. वाद्याचा वाटा मोठा असतो, हे बाखलाही मान्य होतं. नवे ऑर्गन तपासायला त्याला मुद्दाम बोलावत. १७४६ मध्ये नाउम्बुर्गचा नवा ऑर्गन त्यानं आणि ऑर्गन-कारागीर गॉटफ्रीड झिल्बरमान यांनी मिळून तपासला. बाखच्या मुलानं लिहून ठेवलं आहे, की वडील सर्वांत आधी सगळे स्टॉप ओढून वाद्याची फुप्फुसं धड आहेत का ते बघत. हवा कमी पडत असेल तर मोठे स्वरमेळ डगमगतात, आणि त्यात वादकाचा दोष नसतो. म्हणून एका वादकावर मत बनवण्याआधी त्याला निदान दोन वेगळ्या वाद्यांवर ऐकावं.

माइकचं गणित सोपं आहे, पण लोक तिकडे बघतच नाहीत. माइक नळ्यांजवळ लावला तर स्वर लखलखीत येतात, पट्ट्यांची खटखटही येते, पण वास्तू हरवते. दूर, खाली प्रार्थनेच्या बाकांपाशी लावला तर वास्तू येते आणि वादकाच्या त्या बारीक फटी बुजतात. तेव्हा ‘हा वादक स्पष्ट वाजवतो’ हे मत पुष्कळदा माइकबद्दलचं असतं. बत्तीस फुटी नळीचा सगळ्यात खालचा स्वर सेकंदाला सुमारे १६ कंपनांचा. तो कानापेक्षा बाकाला आणि छातीला कळतो. मोबाइलचा स्पीकर दोनशे-तीनशे कंपनांच्या खाली जवळपास मुका असतो. मोबाइलवर ऐकून पायांच्या वादनाविषयी मत देऊ नये, हा माझा ठाम आग्रह आहे. बऱ्यापैकी हेडफोन लावा.

आणखी एक. हल्ली ‘हॉप्टवेर्क’सारखी सॉफ्टवेअर आहेत. खऱ्या ऑर्गनची एकेक नळी ध्वनिमुद्रित करून संगणकात भरलेली असते आणि वादक आपल्या घरी बसून वाजवतो. शीर्षकात चर्चचं नाव आणि चित्रात चर्चचा फोटो, पण वादक तिथे कधी गेलाही नसेल. त्यात गैर काही नाही. पुष्कळ गुणी मंडळींना एरवी अशा वाद्याला हात लावायची संधीच मिळाली नसती. पण त्यावरून चर्चच्या घुमाऱ्याशी वादक कसा वागतो हे ठरवू नका. मजकुरात बहुतेकदा लिहिलेलं असतं, तो वाचा.

तुमच्या गटातल्या भांडणाला थोर परंपरा आहे, हेही सांगतो. अमेरिकेत ई. पॉवर बिग्ज आणि व्हर्जिल फॉक्स या दोघांवरून श्रोत्यांत असेच तट पडले होते. बिग्ज जुन्या पद्धतीच्या, थेट झडपेशी जोडलेल्या ऑर्गनचे पुरस्कर्ते; १९५८ मध्ये हार्वर्डच्या संग्रहालयात त्यांनी डच कारागीर फ्लेंट्रॉप यांचा ऑर्गन आणवला. फॉक्स झगमगत्या दिव्यांत, रॉक संगीताच्या सभागृहात तरुणांपुढे बाख वाजवत. मला बिग्ज जवळचे वाटतात. पण फॉक्सनी जितकी तरुण मुलं बाखपाशी आणून बसवली, तितकी फार थोड्यांना जमली, हे नाकारता येत नाही.

प्रश्न : ७ डिसेंबर २०२४ ला पॅरिसचं नोत्र-दाम पुन्हा उघडलं तेव्हाचं ऑर्गनवादन ऐकलं. इतका मोठा सोहळा आणि वादन मात्र कर्कश, बेसूर वाटलं. माझा कान कमी पडला का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कान कमी पडला नाही, अपेक्षा वेगळी होती. तेव्हा जगभरातल्या पुष्कळांनी तुमच्यासारखीच तक्रार केली. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत छप्पर गेलं, पण सुमारे आठ हजार नळ्यांचा तो ऑर्गन वाचला. त्याच्यावर शिशाची भुकटी बसली होती. तो उतरवून साफ करावा लागला. उद्घाटनाच्या संध्याकाळी आर्चबिशपनी ऑर्गनला जागं होण्याची हाक आठ वेळा दिली, आणि दर हाकेला चर्चच्या वादकांनी आळीपाळीनं तिथल्या तिथे रचून उत्तर दिलं. फ्रान्समध्ये ऑर्गनवादकाला उत्स्फूर्त वादन यावंच लागतं. नेदरलँड्समधल्या हार्लेममध्ये तर १९५१ पासून फक्त त्याचीच स्पर्धा भरते. आलापी ऐकत वाढलेल्या आपल्या श्रोत्यांना याची गोडी खरं तर इतरांच्या आधी कळायला हवी. फरक एवढाच, की त्यांची भाषा विसाव्या शतकातल्या फ्रेंच संगीताची आहे आणि तिच्यात विसंवादी स्वरमेळ मुद्दाम येतात. पाच वर्षं मुकं राहिलेलं वाद्य आठ हाकांनी टप्प्याटप्प्यानं उठतं, ही कल्पना धरून पुन्हा एकदा ऐका. तरीही आवडलं नाही तर तसं खुशाल म्हणा. बेसूर मात्र म्हणू नका. स्वर लागले होते.

प्रश्न : हे वाद्य आपल्याकडे प्रत्यक्ष ऐकायला मिळेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मिळेल. मुंबईत फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये पाइप ऑर्गन आहे, कोलकात्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्येही आहे. आकारानं ते पॅरिसच्या ऑर्गनपुढे लहान, पण नळीतून येणारा स्वर आणि स्पीकरमधून येणारा स्वर यांतला फरक कळायला लहान ऑर्गन पुरतो. प्रार्थनेच्या वेळी ऑर्गन वाजणार आहे का, हे चर्चच्या कार्यालयात आधी विचारून घ्या, आणि गेलात तर मागच्या बाकावर बसा.