नव्या पदाची पारख : चाल, ठेका आणि दुसऱ्याचा गळा



आमच्या गावातील आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा, शब्बाथ सुटल्यावर, कोणाच्या तरी घरी पेटी घेऊन बसतो. आमच्यापैकी कोणीही गायनाची परीक्षा दिलेली नाही. पण कोणी मलिद्याच्या कार्यासाठी, कोणी नातवाच्या बार मित्सवासाठी, कोणी भगिनींच्या कीर्तनासाठी पदे रचतो व त्यांना चाली लावतो. ती एकमेकांना ऐकवायची व काय खटकले ते सांगायचे, असा हा परिपाठ आहे. त्यातून आम्ही जे शिकलो ते इतर हौशी रचनाकारांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

1880 साली मुंबईत आपल्या समाजातील मंडळींनी तनाखातील कथांवर मराठी कीर्तने सुरू केली. त्याच वर्षी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. साकी, दिंडी, कामदा ही वृत्ते कीर्तनातही होती व नाटकातही, आणि चाली इकडून तिकडे जात असत. पदाच्या माथ्यावर 'चाल : अमुक पदाची' एवढे छापले की काम भागे, कारण ते मूळ पद वाचणाऱ्याच्या कानात असे. आज तीच पुस्तके उघडली तर शब्द सगळे आहेत, पण ज्या पदाची चाल म्हणून सांगितली आहे ते पद कोणालाच येत नाही. चालीचे नाव राहिले, चाल गेली. म्हणून आमच्या बैठकीत पहिला आग्रह हाच असतो, की नवे पद करताना चाल कोठेतरी टिपून ठेवा. सिनेमाच्या गाण्यावर पद बसवले तरीही ठेवा. आपल्याला जे गाणे जगजाहीर वाटते, ते येथे जन्मलेल्या मुलाने ऐकलेलेही नसते.

(सिनेमाच्या चाली घ्याव्यात की नाही, यावर आमच्यात दर वेळी वाद होतो. आमचे मत असे की खुशाल घ्याव्यात, आपल्या कीर्तनकारांनीही त्यांच्या काळच्या लोकप्रिय चाली घेतल्याच होत्या. मात्र बिरड्याच्या सणाला मंदिराच्या विध्वंसाचे पद नाचाच्या चालीवर नको.)

आता मुख्य गोष्ट. एका काकूंनी समुद्र दुभंगण्याच्या प्रसंगावर पद आणले होते. पहिली ओळ अशी :

मोशे उभा तिथे काठावर

ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, या हिशेबाने मोजले तर बरोबर 16 मात्रा भरतात, म्हणजे केरव्याची दोन आवर्तने. काकूंनी बोटांवर मोजून आणल्या होत्या, आणि तरीही ओळ गाताना अडखळत होती. का, हे कळायला आम्हाला अर्धा तास लागला. आठ मात्रा 'मोशे उभा ति' येथे संपतात, आणि दुसऱ्या आवर्तनाची सम येते 'थे'वर! तबल्याने जोर दिला तो 'तिथे' या शब्दाच्या शेपटीवर. मोशे, काठ, समुद्र यांपैकी कशालाच तो मिळाला नाही.

मग आम्ही शब्द फिरवले :

काठावरती मोशे उभा

'काठावरती'च्या आठ मात्रा पुऱ्या झाल्या आणि समेवर 'मोशे' आला. ही ओळ मोजली तर 15 मात्रांचीच भरते, म्हणजे हिशेबात एक कमी. पण शेवटचा 'भा' एक मात्रा अधिक धरला की आवर्तन पुरे होते, आणि मोशे खरोखरच तेथे उभा राहिल्यासारखा वाटतो. तेव्हा मात्रा जरूर मोजाव्यात, पण त्याहून आधी सम कोणत्या अक्षरावर पडते ते पाहावे. श्वास कोठे तुटतो तेही पाहावे. 'दुभंगला' या शब्दात 'दु' नंतर श्वास घेतला तर ऐकणाऱ्याला नुसते 'भंगला' ऐकू येते.

काठावरती मोशे उभा ही ओळ संपते ती 'आ'वर, आणि त्यात आणखी एक फायदा आहे. पहिल्या ओळीचा शेवट 'काठावर' होता. आपण जुन्या वळणाने गाताना शेवटच्या 'र'मधला 'अ' उच्चारतो. नातवंडे हिब्रू अक्षरांत लिहून घेतलेले वाचतात व 'काठावर्' म्हणून थांबतात. एक मात्रा गळते आणि पुढची ओळ लवकर सुरू होते. मुलांना रागावून उपयोग नाही, कारण बोलताना आपणही तसेच बोलतो. त्यांच्यासाठी लिहायचे असेल तर ओळीच्या शेवटी आ, ई, ए, ओ येईल असा शब्द शोधावा. लांबवायलाही तेच स्वर सोपे. शब्दाच्या सुरुवातीचे ऱ्हस्व इ-उ मात्र कधीही ताणू नयेत. 'दिन' ताणला की 'दीन' होतो. शलोमोवरच्या एका पदात 'दाविदाचा सुत' असे होते. चालीत 'सु'वर लांब स्वर आला आणि राजपुत्राचे सूत झाले. रचणारे स्वतःच इतके हसले की पेटी बंद करावी लागली.

आपल्या पदांत हिब्रू नावे येणारच. ती कोठे बसतात हे आधी पाहून ठेवले तर पुष्कळ त्रास वाचतो. 'इस्राएल' या नावात जोडाक्षरामुळे 'इ' गुरू होतो, म्हणजे लागोपाठ तीन गुरू येतात. भुजंगप्रयात वृत्तात लघु-गुरु-गुरु असा क्रम चालतो, तीन गुरू एकापाठोपाठ कधीच येत नाहीत. तेव्हा मनाच्या श्लोकांच्या चालीवर 'इस्राएल' बसवायला जाऊ नये. 'अब्राहाम'चेही तेच. उलट संबोधन करून 'इस्राएला' म्हटले तर नेमक्या आठ मात्रा होतात, म्हणजे केरव्याचे पुरे आवर्तन! 'यरुशलेम' सहा मात्रांचा, म्हणजे दादऱ्याचे एक आवर्तन. कथा पुढे न्यायची असेल तर साकी चांगली, तिच्या ओळीत 28 मात्रा असतात आणि 16 वर विसावा मिळतो.

चाल स्वतः बांधत असाल तर मुखडा पंचमापर्यंतच ठेवावा, कारण तो सगळ्यांनी म्हणायचा असतो. तार षड्ज अंतऱ्यासाठी, एकट्या गाणाऱ्यासाठी राखावा. पुरुषांची काळी एक आणि बायकांची काळी चार किंवा पाच यांचे सहसा जुळत नाही, पण मुखडा आटोपशीर असला तर मधली पट्टी धरून निभावते.

सूचना कशा द्याव्यात, हे मात्र आम्ही चुकून शिकलो. आरंभी एका भगिनीच्या पहिल्याच पदावर आम्ही एका बैठकीत डझनभर दोष काढले. शुद्धलेखन, यमक, राग, उच्चार, काही सोडले नाही. सगळे दोष खरेच होते. ती भगिनी त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे आली नाही. तिचे पद तिच्या आईच्या आठवणीत रचलेले होते, हे आम्हाला मागाहून कळले. कोणी आधी विचारलेच नव्हते.

आता पद कोणासाठी व कोणत्या प्रसंगासाठी आहे, हे आधी विचारतो. एकदा ते सबंध ऐकतो, मध्ये थांबवत नाही. मग तेच पद दुसऱ्या कोणी गायचे आणि रचणाऱ्याने गप्प बसायचे. हे फार कठीण जाते! पण दुसऱ्याचा गळा जेथे अडतो तेथे दोष असतो, आणि तो रचणाऱ्याला आपोआप दिसतो. त्यानंतर प्रत्येकाने एकच सूचना करायची. ती भगिनी आता पुन्हा येते, आणि तिचे ते पद तिची नात गाते, 'ळ' ऐवजी 'ल' म्हणत. त्यावर आम्ही कोणी बोलत नाही.

वाचकांनी आपली पदे अवश्य पाठवावीत. कागदाच्या माथ्यावर प्रसंग, ठेका व पट्टी लिहावी आणि निदान पहिल्या ओळीवर स्वर लिहावेत. वरची ओळ भूप रागात अशी लिहिता येईल : का (सा) ठा (रे) व (ग) र (ग) ती (रे) मो (प) शे (ग) उ (रे) भा (सा). स्वर लिहिता येत नसतील तर फोनवर गाऊन ध्वनिमुद्रण पाठवले तरी चालेल. आवाज बसलेला असला तरी हरकत नाही, आमचेही बसलेलेच आहेत.