तेच ते ऐकून कान विटले, तर?

प्रश्न : वीजकेंद्रात पाळीची नोकरी. वीस वर्षं किशोरीताई आमोणकरच ऐकतोय. नवं कसं शोधू?
– एक वाचक, दीपनगर

उत्तर : किशोरीताईंना सोडू नका, त्यांचाच धागा धरा. त्यांचे शिष्य रघुनंदन पणशीकर ऐका. मग मागे वळून ताईंच्या आई व गुरू मोगूबाई कुर्डीकर. मोबाइल तुमची सवय ओळखून तेच पुढे करतो, म्हणून नाव स्वतः टाइप करा. नवा आवाज आधी परकाच वाटतो. रात्रपाळीहून परतल्यावर एकच राग आठवडाभर ऐका, चौथ्या दिवशी जागा ओळखीच्या होतात. आणि जानेवारीत जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवाला जाच. समोर तंबोरा जुळवणारा तरुण गायक पाहिला, की त्याचं नाव विसरत नाही.