विश्वास आणि आज्ञापालन

तारण विश्वासानें कीं क्रियांनीं, असा प्रश्न मंडळ्यांत वारंवार निघतो. पौलानें अब्राहामाचें उदाहरण देऊन विश्वास पुढें केला (रोम. 4), याकोबानें त्याच अब्राहामाचें उदाहरण देऊन क्रिया मागितल्या (याकोब 2). येथें विरोध नाहीं. पौल उत्पत्तीच्या 15 व्या अध्यायाकडे बोट दाखवितो. तेथें अब्राहामानें देवाच्या वचनावर भरंवसा ठेविला. याकोब 22 व्या अध्यायाकडे पाहतो. तेथें तो इसहाकास अर्पावयास निघाला. विश्वास आधीं, आज्ञापालन मागून. परंतु माणूस एकच.

सोलापूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस हें नवें नाहीं. मंगळवेढ्याचा शाळू पावसाळा सरल्यावर काळ्या जमिनींत मुरलेल्या ओलीवर वाढतो. कणीस ओल निर्माण करीत नाहीं. परंतु कणीसच न धरलें, तर मुळें ओलीस पोहोंचलीं असें कोण म्हणेल?

म्हणून उपासनेहून घरीं जातांना आम्हीं आपणांस विचारावें: भावाशीं अबोला आहे काय? उसनें घेतलेलें धान्य परत केलें काय? दुसऱ्या जातींतून आलेल्या बंधूच्या पंगतीस बसावयास आम्ही कचरतों काय? आज्ञा पाळून आम्ही तारण विकत घेत नाहीं. ज्यानें तें फुकट दिलें, त्याचें ऐकतों.