गर्दीत थांबणारा प्रभू

वाचन : संत मार्क 5:21-34



सभास्थानाचा अधिकारी याईर प्रभू येशूच्या पाया पडतो. त्याची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारात आहे. प्रभू लगेच त्याच्याबरोबर निघतो. भोवती माणसांची रेटारेटी आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री त्या गर्दीतून मागून येते, त्याच्या वस्त्राला हात लावते आणि तिथल्या तिथे बरी होते.

प्रभू तसाच पुढे गेला असता तर? तिचा आजार तर बरा झालाच होता. पण तो थांबतो, वळतो आणि कोणी स्पर्श केला असे विचारतो. शिष्यांना हा प्रश्न विचित्र वाटतो. याईराचा तर एकेक क्षण मोलाचा आहे. तरीही प्रभू त्या स्त्रीला शोधतो, तिचे सगळे बोलणे ऐकून घेतो आणि तिला मुलगी म्हणून हाक मारतो. स्पर्शाने तिचे शरीर बरे झाले. प्रभूने तिच्याकडे लक्ष दिले, तेव्हा लपतछपत आलेल्या तिला सर्वांसमोर मान मिळाला.

आपल्या भिवंडीत घाई कोणाला नाही? कोणाची पाळी सुरू व्हायची असते, कोणाला कल्याणला जाऊन गाडी पकडायची असते, कोणी गोदामांच्या रस्त्यावर ट्रकच्या रांगेत अडकलेला असतो. हात डबा भरतात आणि मन भलतीकडेच असते. घरातील वडीलधारे काही सांगत असतात, आपण मोबाइलमध्ये पाहत नुसते ‘हं’ म्हणतो. जेवणाआधी क्रूसाची खूण करतो, पण हात खाली येण्याआधीच नजर टीव्हीकडे जाते. यात मोठे पाप दिसत नाही. पण अशा वेळी आपल्याच घरातील कोणी आपल्याला हळूच स्पर्श करून जाते आणि आपल्याला ते कळतही नाही.

लक्ष देण्याची ही सवय शिकता येते. मुंबईत 1931 साली जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर अँथनी डिमेलो यांनी हेच शिकवले. त्यांनी पुण्यात ‘साधना’ ही संस्था सुरू केली, पुढे ती लोणावळ्याला गेली. 1978 च्या ‘साधना’ या पुस्तकात त्यांनी सोपे सराव दिले आहेत : शांत बसून शरीराच्या संवेदना जाणणे, येणारा-जाणारा श्वास पाहणे, कानावर पडणारे आवाज ऐकणे. आवाजाशी भांडत बसलो तर तो त्रास देतो, त्याला स्वीकारले तर तोच आपल्याला शांततेकडे नेतो, असे ते सांगत. यंत्रमागांची खडखड ऐकत राहणाऱ्या आपल्या शहराला हे किती उपयोगी आहे!

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. फादर डिमेलो 1987 साली देवाघरी गेले. त्यांच्या काही मतांविषयी व्हॅटिकनच्या श्रद्धा-सिद्धांत मंडळाने 1998 साली सावधगिरीची सूचना दिली. त्यांचे सुरुवातीचे लेखन ख्रिस्ती आध्यात्मिकतेच्या चौकटीत आहे, असे त्याच सूचनेत नमूद आहे. नंतरच्या लेखनात मात्र ते ख्रिस्ती विश्वासाच्या मूळ तत्त्वांपासून दूर जात गेले, असे मंडळाने म्हटले. आपण यातून काय घ्यावे? श्वासाकडे लक्ष देणे ही सुरुवात आहे. आपल्याला पोहोचायचे आहे ते श्वास देणाऱ्या पित्याकडे. मन नुसते शांत झाले आणि शेजारी बसलेला भाऊ दिसलाच नाही, तर ती ख्रिस्ती प्रार्थना ठरत नाही.

लक्ष भरकटले म्हणून निराश होऊ नये. यंत्रमागावरचा कामगार एका वेळी अनेक माग सांभाळतो. धागा तुटतोच. तुटलेला धागा दिसताच तो माग थांबवून गाठ मारतो. दुर्लक्ष केले तर कापडात दोष राहतो. प्रार्थनेतही मन तुटणारच, आपण पुन्हा गाठ मारावी. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठातील ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात काम करताना अशाच रीतीने पुन्हा पुन्हा देवाची आठवण करीत.

या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या.

1. सकाळी चहाचा पहिला घोट घेताना दुसरे काही करू नये. आजचा दिवस दिल्याबद्दल देवाचे आभार मानावेत.

2. दिवसातून एकदा तरी, घरातील कोणी बोलू लागले की हातातील काम किंवा मोबाइल बाजूला ठेवून त्यांच्या तोंडाकडे पाहून शेवटपर्यंत ऐकावे.

3. रात्री संत इग्नेशियसने शिकविल्याप्रमाणे पाच मिनिटे दिवस तपासावा : आभार मानावेत, प्रकाश मागावा, दिवस आठवावा, क्षमा मागावी आणि उद्याचा निश्चय करावा.

घरी बोलण्यासाठी प्रश्न : आज मला कोणाचा स्पर्श जाणवलाच नाही?

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू गर्दीत एका दुःखी स्त्रीसाठी थांबलास. आमच्या घाईत आम्हाला थांबायला शिकव. ज्यांना तू आमच्याजवळ ठेवले आहेस, त्यांना पाहणारे डोळे आणि ऐकणारे कान आम्हाला दे. आमेन.