जुन्या हापूस बागांच्या छाटणीसाठी यांत्रिक करवत : निवड व निगा

रत्नागिरी जिल्ह्यातील हापूस आंब्याच्या पुष्कळशा बागा आज चाळीस-पन्नास वर्षांच्या, कित्येक त्याहूनही जुन्या आहेत. दहा दहा मीटर अंतरावर, म्हणजे हेक्टरी १०० या प्रमाणात लावलेली ही झाडे आता एकमेकांत शिरली असून त्यांच्या आतील भागात ऊन पोहोचत नाही. मोहोर केवळ शेंड्यावर येतो, तेथवर फवारा जात नाही आणि फळे उतरविण्यास झेल्याची काठी पुरत नाही. अशा झाडांच्या मोठ्या फांद्या योग्य उंचीवर कापून नवा फुटवा घेण्याच्या पद्धतीस पुनरुज्जीवन म्हणतात. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने तिची शिफारस केलेली आहे आणि अनेक बागायतदारांनी ती अंगीकारलीही आहे.

हे काम पूर्वी कुऱ्हाड आणि दोघांनी ओढावयाची करवत यांच्या साहाय्याने होत असे. आता ते यांत्रिक करवतीने होते. तिला गावोगावी ‘चेन सॉ’ किंवा नुसते ‘कटर’ म्हणतात. कटरमुळे दिवसाचे काम तासावर आले, ही गोष्ट खरी. तथापि ज्या बागांत छाटणीनंतर झाडे वाळली, तेथील कापलेली तोंडे पाहिली असता पुष्कळदा लाकूड काळपट भाजलेले आणि साल खालपर्यंत सोललेली दिसते. खतपाण्यात काही उणीव नसताही असे झाड हातचे जाते, कारण बोथट साखळीने झालेली जखम लवकर भरत नाही आणि सोललेल्या सालीखाली बुरशीला व भिरूडाला आयती जागा मिळते. सबब करवत कोणती घ्यावी व तिची धार कशी राखावी, हा प्रश्न झाडाच्या आयुष्याचा आहे. करवत चालविणाऱ्याच्या आयुष्याचाही तो आहे, हे पुढे येईलच.

भिरूडाचा उल्लेख आला म्हणून एक मनोरंजक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या करवती जर्मनीत १९२० नंतरच्या दशकातच निघाल्या होत्या. परंतु त्यांच्या साखळीचे दात साध्या करवतीसारखे असल्याने त्यांना वरचेवर धार लावावी लागे. अमेरिकेतील ओरेगॉन प्रांतात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने ओंडक्यात शिरलेल्या एका भुंगेऱ्याच्या अळीचे निरीक्षण केले. ती अळी आपल्या वाकड्या जबड्यांनी डावीउजवीकडे लाकूड सोलत पुढे जाते, असे त्यास दिसले. त्या जबड्यांच्या धर्तीवर त्याने १९४७ च्या सुमारास जी साखळी तयार केली, तिचीच सुधारलेली रूपे आज सर्वत्र वापरात आहेत. ती अळी लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातील होती आणि आपल्या आंब्याचा भिरूडही त्याच कुळातला. ज्या कुळाने आपल्या बागा पोखरल्या, त्याच कुळाने आपल्याला हत्यारही दिले!

निवड

करवत घेताना मोठे इंजिन व लांब बार पाहून भुलू नये. बाजारात स्वस्तात मिळणारे मोठ्या इंजिनाचे आणि २२ इंची बारचे यंत्र झाडावर चढून वापरण्यास सर्वथा अयोग्य होय. वजनाने हात थकतो आणि थकल्या हातातून चूक होते. २० ते २५ सेंटिमीटर जाडीच्या फांद्यांसाठी ३० ते ३५ सीसीचे इंजिन व १२ किंवा १४ इंची बार पुरेसा आहे. मुख्य फांद्या व मध्यम खोडे यांसाठी ४५ ते ५५ सीसी आणि १६ किंवा १८ इंची बार घ्यावा. त्याहून मोठे यंत्र पडलेल्या जुनाट वृक्षांचे बुंधे कापणाऱ्या ठेकेदाराच्या कामाचे आहे. एका बागायतदाराने त्यात पैसे गुंतवू नयेत. वाडीतील चार-पाच बागायतदारांनी मिळून एक हलके व एक मध्यम यंत्र घेणे अधिक इष्ट. एका हाताने धरता येणारी, वर मूठ असलेली करवत मिळते; ती दोर व पट्टा बांधून झाडावर काम करण्याचे शिक्षण घेतलेल्यांसाठीच आहे. बॅटरीवर चालणाऱ्या करवती बारीक फांद्यांसाठी चांगल्या असून त्यांचा आवाज व धूर यांचा त्रास होत नाही.

साखळी आपोआप थांबविणारा चेन ब्रेक, हाताला बसणारे हादरे शोषणारी रबरी बैठक आणि जवळच्या गावी सुटे भाग व दुरुस्ती मिळण्याची सोय, या तीन गोष्टी नसतील तर यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

धार

साखळीला धार आहे की नाही, हे भुशावरून ओळखावे. धारदार साखळी जाड, चौकोनी कपचे फेकते आणि स्वतःच्या वजनाने लाकडात उतरते. पिठासारखा भुसा पडू लागला, धूर येऊ लागला किंवा करवत दाबावी लागली की काम तेथेच थांबवावे. कापताना करवत एका बाजूस ओढत असेल तर त्या बाजूचे व दुसऱ्या बाजूचे दात सारखे राहिलेले नाहीत असे समजावे.

आपल्या जिल्ह्यात साखळी बोथट होण्याचे मोठे कारण जांभा दगड हे आहे. कातळावरील बागेत पडलेली फांदी कापताना साखळी क्षणभर जांभ्याला लागली, तरी दिवसभराची धार जाते. म्हणून कापावयाच्या ओंडक्याखाली लाकडाचा तुकडा सारून तो जमिनीपासून उचलून घ्यावा. खोडावर उडालेली तांबडी माती व वाळवीची घरे कोयत्याने खरवडून मगच करवत लावावी.

धार लावण्यास गोल कानस वापरतात. तिची जाडी साखळीच्या मापानुसार ४, ४.८ किंवा ५.२ मिलिमीटर असते. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत दिलेलीच घ्यावी. बार शिकंज्यात पक्का धरून, साधारण ३० अंशांच्या कोनात, कानस दाताच्या आतून बाहेर लोटावी. मागे ओढताना ती उचलून घ्यावी. प्रत्येक दाताला सारखेच हात मारावेत व सर्व दात सर्वांत आखूड दाताइतके करावेत. प्रत्येक दातापुढे एक उंचवटा असतो. दात लाकडात किती खोल जावा, हे तो ठरवितो. दात झिजून खाली गेला व उंचवटा तसाच राहिला तर करवत लाकडावरून नुसती घसरते. तीन-चार वेळा धार लावून झाली की तो चपट्या कानशीने, दाताच्या टोकापेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली राहील इतकाच घासावा. काम भराभर व्हावे म्हणून कित्येक जण तो अधिक घासतात. अशी साखळी लाकडाला अडकून हिसके देते व फार धोक्याची असते.

तेल व इंधन

बारच्या खोबणीत तेल सतत गेले पाहिजे. करवत चालू करून तिचे टोक एखाद्या ओंडक्याच्या पांढऱ्या कापासमोर, न टेकविता, धरावे. तेलाची रेघ उमटली नाही तर छिद्र तुंबले आहे असे समजून बार काढून साफ करावा. मोटारीचे जळके ऑइल येथे वापरण्याची प्रथा बंद झाली पाहिजे. त्यातील धातूचा कीस पंप व बार दोन्ही खातो, आणि तेच तेल झाडाच्या ताज्या जखमेवर उडते. बार अधूनमधून उलटा करून बसवावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात, बहुधा लिटरला २० मिलिलिटर, वेगळ्या डब्यात मिसळून मगच टाकीत ओतावे. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते हवेतील ओल ओढून घेते. कोकणच्या दमट हवेत असे मिश्रण महिनाभर ठेवू नये. एअर फिल्टर रोज संध्याकाळी झटकून साफ करावा.

कापण्याची रीत

करवत दोरीने, इंजिन बंद करून वर घ्यावी. फांदी कापताना शेवटचा काप जेथे घ्यावयाचा, त्यापासून हात-दीड हात पुढे प्रथम खालून एक-तृतीयांश कापावी, मग किंचित पुढे वरून कापून भार उतरवावा आणि शेवटी राहिलेला खुंट नीट कापावा. असे केल्याने साल सोलत नाही. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देऊ नये. तो लागताच करवत क्षणात चालकाच्या तोंडाकडे उसळते. खांद्याच्या वर करवत उचलणे, एका हाताने धरणे या गोष्टी सर्वस्वी वर्ज्य आहेत. शिरस्त्राण, डोळ्यांस जाळी, कानांस झाकण, पायांत जाड बूट व साखळी अडविणारी विजार हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगड भागात व मे २०२१ च्या तौक्ते वादळाने किनारपट्टीवर असंख्य झाडे उन्मळली, तेव्हा कटरचे काम एकाएकी वाढले. उन्मळलेल्या झाडाची मुळे ताणात असतात. खोड कापताच बुंधा पुन्हा उभा राहू शकतो, म्हणून मुळाच्या खड्ड्यात किंवा त्याच्या बाजूस कोणीही उभे राहू नये. विजेच्या तारेत अडकलेल्या झाडास, वीज बंद झाल्याची महावितरणकडून खात्री झाल्याखेरीज, हात लावू नये. आंबा व फणस हे वृक्ष महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहेत; झाड तोडण्यापूर्वी व भारी छाटणीपूर्वीही वनविभागाकडे विचारणा करावी.

पाऊस पूर्ण थांबल्यावर छाटणी करून त्याच दिवशी कापांवर बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात व एक किलो कळीचा चुना पाच लिटर पाण्यात, लोखंडाखेरीज अन्य भांड्यांत भिजवून, दोन्ही एकत्र ढवळावीत. त्यात कोयत्याचे पाते बुडवून पाहावे. तांबूस थर चढल्यास आणखी चुना घालावा. नंतर बुंध्याभोवती पडलेला करवतीचा भुसा झाडून न्यावा. भिरूड लागल्याचे पहिले चिन्ह भुसा हेच असल्याने, जुना भुसा पडून राहिला तर नवा ओळखू येत नाही.

मृगापूर्वी यंत्र ठेवून देताना टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. साखळी तेलात बुडवून ठेवावी, प्लग काढून आत टू-स्ट्रोक ऑइलचे थोडे थेंब सोडावेत व दोरी दोन-तीनदा हलके ओढावी. गणपतीनंतर पाऊस ओसरला की ताजे मिश्रण भरून, चेन ब्रेक लावून, यंत्र जमिनीवरच सुरू करावे. साखळीचा ताण व तेलाची रेघ पाहिल्याखेरीज ते झाडावर नेऊ नये.