रक्षकालाही रक्षण हवे : इलेक्ट्रॉनिक फ्यूज आणि क्षणिक दाब

पदविका अभ्यासक्रमाच्या मुलांकडून एक प्रश्न वारंवार येतो. प्रोजेक्टचा बोर्ड नवा, त्यावर इलेक्ट्रॉनिक फ्यूजची आय.सी. बसवलेली. चाचणीसाठी मुद्दाम शॉर्ट केला, फ्यूजने प्रवाह तोडला आणि त्याच क्षणी आय.सी. निकामी झाली. असे का व्हावे?

काचेच्या नळीतील फ्यूज वितळतो तेव्हा तारेच्या टोकांमध्ये ठिणगी पेटते व प्रवाह रेंगाळत शून्यावर येतो. इलेक्ट्रॉनिक फ्यूजमध्ये तारेच्या जागी मॉसफेट असतो आणि तो एखाद्या मायक्रोसेकंदात बंद होऊ शकतो. हा वेगच त्याच्या मुळावर येतो. पुरवठ्यापासून बोर्डापर्यंतची वायर सरळ दिसली तरी तिला इंडक्टन्स असतो. ढोबळ मानाने मीटरमागे १ मायक्रोहेन्री. वाहता प्रवाह एकाएकी तोडलेला तिला चालत नाही, ती दाब वाढवून विरोध करते.

प्रत्यक्ष आकडेमोड करून पाहा. पुरवठा १२ व्होल्टचा, जाण्यायेण्याची वायर मिळून २ मीटर, म्हणजे २ मायक्रोहेन्री. शॉर्ट होताच प्रवाह १२ भागिले २, म्हणजे दर मायक्रोसेकंदाला ६ अँपिअरने चढू लागतो. फ्यूजची मर्यादा ४ अँपिअर असली, तरी सर्किटला जाग यायला १ मायक्रोसेकंद लागल्यास प्रवाह १० अँपिअरवर पोहोचलेला असतो. तो पुढच्या १ मायक्रोसेकंदात तोडला की वायरीत २ गुणिले १०, म्हणजे २० व्होल्ट निर्माण होतात. मूळचे १२ मिळवले की आय.सी.च्या पायावर ३२ व्होल्ट! १२ व्होल्टसाठी केलेल्या कित्येक आय.सी.ची कमाल मर्यादा २० व्होल्टच असते. त्यातही वाईट असे की मॉसफेट बहुधा शॉर्ट होऊनच जळतो. मग बोर्ड चालू राहतो, पण संरक्षण गेले हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

उपाय म्हणजे आय.सी.च्या इनपुटवर टी.व्ही.एस. डायोड. त्याची निवड मात्र नीट करावी लागते. एस.एम.बी.जे. १२ ए हा डायोड १२ व्होल्टपर्यंत शांत राहतो आणि ३०.२ अँपिअरच्या पूर्ण झटक्यातही दाब १९.९ व्होल्टच्या वर जाऊ देत नाही. आपल्या १० अँपिअरला तो सुमारे १६ व्होल्टवरच थोपवतो. स्थिर पुरवठ्याला हा उत्तम. पण हाच डायोड सोलर पॅनेलच्या बॅटरीवर लावाल तर फसाल. चार्जिंगच्या वेळी ती १४.४ व्होल्टपर्यंत जाते, आणि हा डायोड १३.३ व्होल्टपासूनच वाहू लागू शकतो; तो तापून जळेल. तिथे १५ ए घ्यावा, तर त्याचा पूर्ण झटक्यातील दाब २४.४ व्होल्ट! अशा वेळी डायोडशी झगडत बसू नये, जास्त मर्यादेची आय.सी. घ्यावी.

डायोड कुठे बसवला यालाही तितकेच महत्त्व आहे. तो आय.सी.च्या पायाला अगदी लागून, रुंद व आखूड ट्रॅकने जोडावा. चार बोटे दूर बसवला तर मधल्या ट्रॅकचा इंडक्टन्स त्याचे काम वाया घालवतो. शेजारी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर असावा. वायरिंग कायमचे असेल तर १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिकही द्यावा, पण चालू पुरवठ्यात बोर्ड खुपसायचा असेल तर नको, ठिणगी उडते.

आऊटपुटकडे हाच प्रकार उलटा घडतो. लोडकडच्या वायरीतील प्रवाह वाहतच राहू पाहतो आणि आऊटपुट ग्राउंडच्याही खाली खेचले जाते. म्हणून तिथे शॉटकी डायोड, कॅथोड आऊटपुटला व अ‍ॅनोड ग्राउंडला. मुले नेमका हाच विसरतात.

ऑसिलोस्कोपवर झटका पाहताना प्रोबची लांब ग्राउंड क्लिप काढून ठेवा व आखूड स्प्रिंग लावा. नाहीतर क्लिपच्याच वायरीतला खोटा झटका पडद्यावर दिसेल आणि चांगल्या डायोडला तुम्ही दोष द्याल.